जेलाटोत फॅट कमी असतं

४ जून, मंगळवार
डॉक्टरकडे जाऊन आलो. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२. बॉर्डरलाइन, म्हणाली. वय फार तर तीस असेल तिचं, आणि मला आइस्क्रीम बंद करायला सांगते. सप्टेंबरमध्ये पुन्हा टेस्ट. साडेसहाच्या वर गेलं तर गोळी सुरू. बायकोचा, अहिल्येचा, चेहरा उतरला. तिचे वडील साखरेनंच गेले. मी तिला सांगितलं, चोपन्नाव्या वर्षी मला कुणी शिस्त शिकवायची गरज नाही. आजपासून आइस्क्रीम बंद म्हणजे बंद.

८ जून, शनिवार
घराजवळच्या प्लाझात इटालियन जेलाटोचं दुकान उघडलंय. काउंटरवरच्या मुलीनं माहिती दिली. दूध जास्त, क्रीम कमी, अंडं जवळजवळ नाहीच. घरी येऊन वाचलं. खरंच, फॅट आइस्क्रीमपेक्षा कितीतरी कमी. टेक्सासातल्या आमच्या या फ्रिस्कोत एवढे शिकलेले लोक राहतात, एकाला हे माहीत नसावं? बादलीभर आइस्क्रीम खातात आणि वर डाएट सोडा पितात.
डॉक्टर आइस्क्रीम म्हणाली होती. जेलाटोचं नाव तिनं घेतलं नव्हतं. पिस्ता, मीडियम कप.

१६ जून, रविवार
फादर्स डे म्हणून इशिता ऑस्टिनहून आली. येताना माझ्यासाठी बदाम आणले. माझा कप बघून म्हणाली, "बाबा, फॅट इज नॉट द प्रॉब्लेम. शुगर इज." मुलगी मार्केटिंगमध्ये आहे. न्यूट्रिशनवर बोलायचा हिला काय अधिकार? मी डेटाबेसमध्ये आहे. मला निदान डेटा कळतो.
बदाम चांगले होते. जेलाटोवर घालून खाल्ले.

२९ जून, शनिवार
शेजारच्या राजीवचा आकडाही माझ्याएवढाच निघालाय. तो घाबरून सकाळी सहाला चालायला जातो, मनगटावर घड्याळ, डोक्यावर टोपी. रविवारी अर्धी वाटी व्हॅनिला आइस्क्रीम खातो, तेही जेवणाऐवजी नाही, जेवणानंतर. आइस्क्रीम! माणसाची कीव येते. त्याला जेलाटोचं समजावलं. हसला आणि पुढे चालू लागला.

१४ जुलै, रविवार
दुकानात आता जात नाही. ग्रोसरीतून डबा आणतो. डब्यावर सगळं छापलेलं असतं, डोळे उघडे ठेवणाऱ्याला. फॅट सात ग्रॅम, साखर चोवीस. अख्ख्या डब्यात चोवीस ग्रॅम! एवढी साखर तर लोक चहातून पितात. तेव्हा ठरलं: दिवसाला एकच डबा. संपवूनच उठायचं, म्हणजे नंतर मोह होत नाही.
अहिल्येनं नाचणीचं आंबील केलं होतं. कॅल्शियम मिळतं म्हणाली. मी म्हटलं, जेलाटो दुधाचाच असतो. तिनं माझ्या वाटचं आंबील स्वतः प्यायलं.

१० ऑगस्ट, शनिवार
पँटा आवळतायत. अहिल्या ड्रायर फार गरम लावते, कितीदा सांगितलं.
तहान खूप लागते. टेक्सासचा ऑगस्ट आहे, लागणारच. राजीव मात्र वाळलाय. आजारी दिसतो बिचारा.
इथल्या मराठी मंडळाच्या आरोग्य दिनात वीस मिनिटांचं भाषण मागून घेतलं. विषय: जेलाटो, गैरसमज आणि विज्ञान. कुणीतरी सांगायला हवंच.

२४ ऑगस्ट, शनिवार
भाषण झालं. साठेक माणसं होती. सोबत डबा नेला होता, पहिल्या रांगेत फिरवला. तिथे नंदाकाकू बसल्या होत्या. नागपूरहून लेकीकडे आल्यात, शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डबा डोळ्यांशी धरला आणि मध्येच म्हणाल्या, "मोरेश्वरराव, इथं वर लिहिलंय की या डब्यात तीन सर्व्हिंग आहेत. मग ही चोवीस ग्रॅम एका सर्व्हिंगची ना?"
मी म्हटलं, प्रश्नोत्तरं शेवटी.
त्या स्वतःशीच म्हणाल्या, "चोवीस त्रिक बहात्तर." पण शिकवून शिकवून त्यांचा आवाज तसाच राहिलाय, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मग मला विचारलं, "तुम्ही दिवसाला किती खाता म्हणालात?"
प्रश्नोत्तरं वेळेअभावी कॅन्सल केली. अहिल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होती. हॉल रिकामा होईपर्यंत शोधत होती.
महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक छापणाऱ्यांना लाज वाटायला हवी.

५ सप्टेंबर, गुरुवार
७.१.
लॅब बदलायला हवी, असं मी डॉक्टरला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि गोळी लिहून दिली. राजीवचा ५.८ आलाय. त्याचं शरीरच तसलं.
परतताना कार अहिल्येनं ड्राइव्ह केली. मी तिला समजावत होतो, की एका आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, सॅम्पल साइज बघावा लागतो. तिनं कार बाजूला घेतली, थांबवली. पुढे बघतच म्हणाली, "बाबांचा पाय कापला तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. मला परत तिथं बसायचं नाहीये."
जेवणानंतर गोळी घेतली. गिळेपर्यंत ती समोर उभी होती. मग जीभ उचलून दाखवा म्हणाली.
दाखवली.