हार घातलेला माझा फोटो

लातूर, रविवार, संध्याकाळ

आज सकाळी नांदेडच्या मंगल कार्यालयात स्टेजवर हार घातलेला माझाच फोटो दिसला, तिथंच सगळं बदललं. पंचवीस वर्षांनी कॉलेजचा वर्ग जमला होता. आधी वारलेल्यांना श्रद्धांजली. सगळे उभे, मीही उभा, आणि समोर मी!

"अबे बाल्या, तू जित्ता हाईस?" गंगाधर ओरडला. "ग्रुपवर बालाजी गेला म्हणून आलतं ना बे!"

गेला तो वर्गातला दुसरा बालाजी, धर्माबादचा. मी ग्रुपवर नव्हतोच. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्याला कोण घेतंय? आजचं फेसबुकवर वाचून गेलो. वर्गातली वर्षा दिसेल म्हणून, दुसरं काय.

पण तो फोटो? आयकार्डाचा. एक कार्डावर चिकटवला, एक लग्नाचं विचारताना वर्षाला दिला. तिसरा नव्हताच.

वर्षा स्टेजवर फोटोचा हार काढत होती.

"हा तुझ्याजवळ होता?"

"हो."

"मग तेव्हा उत्तर का न्हाई दिलं?"

"आठ दिवस थांब म्हटलं होतं. तू तिसऱ्याच दिवशी कॉलेजातून नाव काढून गेलास."

हाव, गेलो. ती कुणाच्या तरी स्कूटरवर दिसली, तिनंही मला पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. कोण होता, तेवढंही विचारलं नाही. तीन दिवस! आणि तिनं फोटो पंचवीस वर्षं ठेवला.

"स्कूटरवर माझा मामा होता तो," ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

तेवढ्यात तिचा नवरा पाणी घेऊन आला. "बसा भाऊ, जेवून जा." इतकं आपुलकीनं, की मला त्याचाच राग आला. तसाच बाहेर पडलो आणि कार्यालयाचं दार ओढून घेतलं.