गुहेबाहेरचा जबाबदार माणूस

२ नोव्हेंबर
हिने सहलीला गुहा ठरवली. आत जमिनीखाली तळं आहे म्हणे. लग्न झाल्यापासून हिच्या मनात आहे की ते दोघांनी मिळून बघायचं. ताबडतोब हो म्हणालो. बंद जागेत मी घाबरतो ही अफवा मेव्हण्याची. लिफ्टने जात नाही हे खरं. पण मी वजनकाटे दुरुस्त करतो; लिफ्टमध्ये किती भार चढलाय ते मला कळतं, इतरांना कळत नाही. एवढाच फरक.

५ नोव्हेंबर
गुहाशास्त्र वाचून काढलं. काटेही असेच शिकलो, गुरू लागला नाही. संकल्प: रोज कपड्यांच्या कपाटात बसायचं, दार लावून.

६ नोव्हेंबर, सकाळी
बसलो. दार किंचित उघडं ठेवलं, डांबरगोळ्यांचा वास फुप्फुसांना वाईट. हिने विचारलं काय करताय. म्हणालो, बिजागरी बघतोय. बरं, बघा, म्हणाली. हसली नाही. एरवी हसते. संशयास्पद.

९ नोव्हेंबर
बिजागरी खरंच सैल निघाली. कपाटात बसणं बंद. आता पलंगाखाली, पाय बाहेर. हिने पायांभोवतून केर काढला.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
ही फोनवर दबक्या आवाजात. उंच आहेत, स्वभावाने वाईट नाहीत, फक्त मानाने घ्या, असं कानावर आलं. मी आत जाताच फोन ठेवला. कोण होतं, विचारलं. दूधवाला, म्हणाली. दूधवाल्याला माझी उंची कशाला?

२० नोव्हेंबर
पोचलो. मेव्हणाही आलाय, कोणी बोलावलं कळत नाही. हॉटेलच्या खोलीची खिडकी उघडत नाही. दार उघडं टाकून खुर्चीत झोपलो. सामानावर लक्ष हवं.

२१ नोव्हेंबर
गाइडने सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलं. का? आत चिमटा नावाची फट आहे, तिची रुंदी विचारली. म्हणे, माणूस जातो. कोणता माणूस, असं विचारलं तर मेव्हणा पोटावर हात फिरवत म्हणाला, दाजी, मी मावलो तर तुम्ही पाहुण्यासारखे जाल.

आत शिरलो. उजेड संपला तिथे हेल्मेटचा पट्टा सदोष असल्याचं लक्षात आलं. गळा आवळत होता. पट्टा काढला, तरी आवळत होता. हिने माझा हात धरला. तिचा कोरडा होता, लगेच ओला झाला. गुहेत दमट असतंच.

गाइड मला बाजूला घेऊन बाहेर आला. नियम आहे म्हणाला, प्रत्येक गटातला एक जबाबदार माणूस गुहेच्या तोंडाशी बसवावा लागतो, उशीर झाला तर शिट्टी फुंकायला. तुमच्या चेहऱ्यावरच दिसतं. लाल दोरीची शिट्टी गळ्यात घातली, प्लास्टिकची खुर्ची दिली. नियम नियम असतो. दोघांनी बघण्यापेक्षा सगळ्यांचा जीव मोठा.

ती मंडळी परतली. ही म्हणाली, पाणी इतकं शांत होतं की पाणी आहे हेच कळेना. तुमच्यापुरती जागा ठेवून उभी राहिले होते मी, उगीच. आत वारा नसल्यामुळे पाणी हलत नाही, हे मी तिला समजावलं. हो का, म्हणाली.

२२ नोव्हेंबर, सकाळी
संकल्प: शिट्टी परत करायच्या निमित्ताने जायचं, एकट्याने तळ्यापर्यंत जाऊन यायचं, मग हिला घेऊन जायचं.

२२ नोव्हेंबर, दुपारी
तोंडाशी खुर्चीवर टाय लावलेले एक गृहस्थ. गळ्यात लाल दोरी. कपाळावर घाम. विचारलं तर म्हणाले, गटातला जबाबदार माणूस मी. शेजारच्या खुर्चीत एक मावशी. त्याही जबाबदार. माझ्या गळ्याकडे बघून त्यांनी मला सरकून जागा दिली. थोडा वेळ बसलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
ही बॅग भरत होती. म्हणालो, शिट्टी परत करायची राहिली. कपड्यांची घडी न मोडता म्हणाली, राहू द्या, त्याच्याकडे डबाभर आहेत, फोनवर सांगत होता.

दूधवाला डबाभर शिट्ट्या ठेवत नाही, एवढं मला कळतं.