नकाशाबाहेरचा विणकर

आबा, तुमचं एक सांगणं मी गेल्या रविवारी उघड उघड मोडलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्यापासून काही लपवणं जमत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही सात जण मिळून गोष्टी लिहितो. साड्यांची डिझाईनं काढून पोट भरतं, गोष्टी हा माझा दुसरा उद्योग. पुढच्या काळातलं एक विश्व आम्ही रचलंय. त्यात नऊ ग्रह, त्यांचा एक नकाशा आणि सगळ्यांनी पाळायची एक नियमावली आहे. गोष्टी हिंदीत लिहायच्या, आणि एकाचं पात्र गटाने स्वीकारलं की ते सगळ्यांचं, कुणीही आपल्या गोष्टीत घ्यावं. या विश्वात प्रत्येकाच्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा दुभाष्या बसवलेला असतो, त्यामुळे कुणाचं बोलणं कुणाला अडत नाही. तुम्ही म्हणाला असतात, रिकामटेकडे लोक. म्हणा खुशाल.

माझ्या गोष्टीत, ग्रहाग्रहांमधून फिरणाऱ्या जहाजांची शिडं विणणारा एक ग्रह आहे. तिथे नकाशाबाहेरून एक विणकर येतो. तो दुभाष्या लावून घेत नाही. मागांच्या आवाजात त्याचे कान कधीच गेलेत, तो हातांनी बोलतो. आबा, ते हात तुमचे आहेत.

मी दहा वर्षांची असेन. आई तापाने पडली होती म्हणून तुमचा डबा घेऊन मी उधन्याच्या खात्यात, म्हणजे तुमच्या यंत्रमागांच्या कारखान्यात आले. चाळीस माग एकदम खडखडत होते आणि मी दारातून बेंबीच्या देठापासून तुम्हाला हाका मारत होते. एकाही माणसाने मान वळवली नाही. मग पलीकडच्या मागावरच्या काकांनी मला पाहून तुमच्याकडे हात केला, आणि तेवढ्यात सगळं खातं बोलतंय हे माझ्या लक्षात आलं. चिमूट ओढून सोडली की धागा तुटला. दोन बोटं ओठांवर, म्हणजे चहा. पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आला! मी फिदीफिदी हसले आणि तुम्ही डोळे वटारलेत. घरीही तुम्ही तसेच जेवायला बसायचात, कान बधिर झालेले असायचे, हाताने भाकर मागायचात, आणि आई तव्यासमोरून न उठता हातानेच सांगायची, थांबा जरा. आमच्या लिंबायतच्या खोलीत सगळ्यात जास्त बोलणं असं न बोलता झालं.

रविवारच्या बैठकीत गटाला विणकर आवडला, पण तसाच ठेवायची कुणाची तयारी नव्हती. आमचे प्रमुख कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, भले गृहस्थ आहेत. चष्मा पुसत म्हणाले, "बेन, आ माणस छेल्ले आपणो थाय छे के नहीं?" हा माणूस शेवटी आपला होतो की नाही? आपला होणार असेल तर शेवटच्या प्रसंगात दुभाष्या लावून घेऊ दे. नसेल तर तो हेर निघू दे, शत्रूने पाठवलेला. वाचकाला काहीतरी एक कळायला हवं. नाहीतर गोष्ट संग्रहात नाही.

म्हणजे परक्याला दोनच दारं. मी म्हटलं, "काका, तो येतो, शिडं विणतो, म्हातारा होतो. तुमची जहाजं त्याच्या शिडांवर चालतात. आणखी किती आपलं व्हायचं त्याने? हवं तर तुम्हीच दोन खुणा शिका." माझा आवाज चढला होता. चढू दिला.

आणि आबा, मी भांडत त्यांच्याशी होते, पण डोळ्यांसमोर तुम्ही होतात. शाळेच्या फाटकाशी मी अहिराणीत हाक मारली म्हणून माझा दंड धरून तुम्ही म्हणाला होतात, "घरमा काय बी बोल, बाहेर गुजरातीच बोलानं. आठली व्हवानं शे ना तुले?" मी झाले इथली. इतकी झाले की बाजारात लोक मला माझं गाव विचारत नाहीत. तुम्ही भीतीपोटी सांगितलंत हे समजतं मला, पण ते चुकीचं सांगितलंत. तेव्हा उलट बोलायची हिंमत नव्हती, आज बोलते; रविवारी मोडलं ते हेच.

विणकर राहिला. मी अट घातली की कुणीही त्याला आपल्या गोष्टीत न्यावं, पण त्याच्या कानाला कुणी हात लावायचा नाही. तासभर वाद झाला. शेवटी प्रमुखांनी नियमावलीत तसं लिहून घेतलं, नाराजीनेच.

त्या वादात मी छाती ठोकून सांगितलं की यातली एकही खूण मनाने रचलेली नाही, सगळ्या खऱ्या खात्यातल्या आहेत. ते खोटं होतं. गोष्टीच्या शेवटी विणकर अंगठा आणि दोन बोटं जुळवून छातीपाशी हळूच उघडतो, आणि मी अर्थ लिहिलाय, 'माग चालू ठेव.' दवाखान्यात शेवटच्या दुपारी तुम्ही ती खूण मला तीनदा केलीत. आई खाली औषधं आणायला गेली होती, आणि मला काही समजलं नाही. कदाचित तुम्ही नुसती उशी वर करायला सांगत असाल. मी समजल्यासारखी मान हलवली.