अर्धलीची भुरी

८ मार्च, शनिवार

तळ्याकाठच्या लिंबाखाली आज आणखी कावळे मरून पडले होते. कुणीतरी काठीनं बाजूला सारलेले. रिक्षात सात रस्ता चौकापर्यंत एकच विचार — माझ्या चपलेला काही लागलं असेल का? ऑफिसात पाय खुर्चीखाली ओढून बसले. संध्याकाळी चपला दाराबाहेर काढून साबणानं धुतल्या. आई बघत होती. म्हणाली, "आपलं घर देऊळ कवा झालं गं?"

९ मार्च, रविवार

जनावरांच्या दवाखान्यानं चौकात कागद लावलाय — बर्ड फ्लूचा संशय. कोंबड्या मोकळ्या सोडू नका, बाहेरच्या पाखरांत मिसळू देऊ नका.

दिवसभर तेच केलं. खुराड्याला जुनी मच्छरदाणी शिवली, भोवती चुना मारला, पाण्याचं भांडं आत ठेवलं. सगळ्या आत कोंडल्यावर आई उंबऱ्यात बसून राहिली. ह्या तिच्या माहेरच्या वाणाच्या. लग्नात तिच्या आईनं एक कोवळी तलंग कोंबडी पाटीत घालून दिली होती, तिचीच ही सगळी पिलावळ. अण्णा गेल्यावरही तिनं त्या कमी होऊ दिल्या नाहीत.

शेजारची मायाक्का कुंपणावरून म्हणाली, "अंके, मास्क बी बांध की त्यास्नी. आन् सकाळी हजेरी घे."

मी म्हटलं, मायाक्का, तुमच्याही कोंडा.

"आमच्या शिकल्याल्या न्हाईत बाई. त्या उंडारणारच."

११ मार्च, मंगळवार

मायाक्काचा कोंबडा मान टाकून बसला होता, तुरा काळानिळा पडलेला. मरायच्या आत तिनं तो कापला. रस्सा केला! आणि वाटीभर आमच्याकडे पाठवला. आमच्या गल्लीत कोंबडा कापला की शेजारी वाटी जातेच, आणि आलेली वाटी कुणी परत लावत नाही. आईनं ती घेऊन ठेवली होती. पिसं, आतडी मायाक्कानं गटारात टाकलेली. ते गटार आमच्या परड्यातून जातं.

मी रस्सा खड्डा करून पुरला, गटाराच्या कडेला चुना ओतला. हात इतके धुतले की बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्यात.

"वाटी बी पुरतीस का काय? परत द्याची हाय ती," आई म्हणाली.

१२ मार्च, बुधवार

मायाक्काच्या आणखी तीन-चार कोंबड्या गेल्या. तिनं त्या उकिरड्यात टाकल्या, वर कुत्री.

कळवायचं की नाही? कळवलं आणि रोग तोच निघाला, तर आसपासच्या सगळ्या मारणार. आमच्याही. नाही कळवलं तर उद्या कुणाच्या घरात काय होईल ते माझ्या डोक्यावर. दुपारी जेवणाचा डबा न उघडताच दवाखान्याला फोन केला. डॉक्टर पद्मजा मॅडम आल्या, नमुने घेऊन गेल्या.

संध्याकाळी आईला सांगितलं, फोन मी केला. ती भाकरी थापत राहिली. तव्यावरची करपली तरी उलटली नाही.

१३ मार्च, गुरुवार

होळी. ऑफिसातून आले तर पोळी ताटात झाकून ठेवलेली. आई समोर बसली नाही.

१५ मार्च, शनिवार

रिपोर्ट आला. बर्ड फ्लूच. किलोमीटरभरातल्या सगळ्या उद्या मारणार. मायाक्का रस्त्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "शिकीवलं कशाला? शेजाऱ्याच्या खुराड्यावर चुगली कराया." मी मान खाली घालून आत आले. उत्तर होतं माझ्याकडे. पण ते उत्तर घेऊन करायचं काय?

१६ मार्च, रविवार

सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. आई पुढं झाली. "पायाला धरून उचलू नगा. मी देते." एकेक छातीशी धरून आणली, पाठीवरून हात फिरवून त्यांच्या हातात दिली. तिच्या हातात त्या ओरडल्याही नाहीत. शेवटी हात रिकामे झाले तरी ती तशीच हात पुढं करून उभी.

खुराड्याच्या कोपऱ्यातलं डालगं उचललं तर खाली काही नाही. आमची भुरी कोंबडी तिथं खुडूक बसलेली असायची. अंड्यांवरच्या कोंबडीला हलवू नये म्हणून गेले काही दिवस मी तिकडे वाकलेच नव्हते.

पद्मजा मॅडमनी विचारलं, "मावशी, इतक्यात बाहेर कुणाला कोंबडी दिलीय का?"

"न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई?"

मी म्हणाले, नाही.

मला नक्की माहीत नव्हतं. असं आता लिहितेय.

१७ मार्च, सोमवार

आईनं आपणहून सांगितलं. तिची मोडनिंबची बहीण, गोजरमावशी, होळीच्या दिवशी मी ऑफिसात असताना येऊन गेली. आईनं भुरी अंड्यांसकट पाटीत बसवली, वरून काळं लुगडं बांधलं आणि तिला अर्धलीनं दिली. म्हणजे कोंबडी आपली, सांभाळ त्यांचा, पिलं निम्मी निम्मी. ह्या बायका कायम असंच करत आल्यात. एका घरातल्या मेल्या तरी वाण दुसऱ्याच्या घरी बसलेला असतो.

"तू तुजं केलंस," आई म्हणाली, "मी माजं केलं."

मॅडमना आजच सांगायला हवं. भुरी ह्याच परड्यात होती. तेच गटार, तेच पाणी.

तेवढ्यात मावशीचाच फोन. आईनं स्पीकरवर लावला. "लई गुणाची हाय गं तुजी भुरी. अंड्यावरनं हलत न्हाई." आई हसली. किती दिवसांनी!

मी फोन घेऊन परड्यात गेले. मॅडमचा नंबर काढला. चुन्याखेरीज तिथं काही उरलेलं नाही. परत आत आले.

१८ मार्च, मंगळवार

आजही सांगितलं नाही. कदाचित तिला लागण झालीच नसेल.

१९ मार्च, बुधवार

सकाळी मावशीचा फोन. भुरी अंड्यांवरच मेली. मावशीच्या बाकीच्या माना टाकून बसल्यात, शेजारच्या दोन घरांतल्याही. "अंके, तू शिकलीयास, काय करू सांग की." आई समोरच उभी होती. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता तिथल्या डॉक्टरला बोलाव. मावशी हळूच म्हणाली, "आन् भुरी कुटनं आणली इचारलं तर?"