काकडी, चार वाजून दहा

२ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

अगं, मालक मला बारचा काउंटर द्यायला तयार झालेत! अट एकच. पंधरा तारखेपर्यंत काकडीच्या चकतीत जिन अशी मुरवून दाखवायची, की चावताच तोंडात यावी. समोरच्या बारमध्ये त्यासाठी हवा ओढणारं महागडं यंत्र आहे. आमचा तर मिक्सरही चापट खाल्ल्याशिवाय फिरत नाही. चकत्या आणि जिन पिशवीत भरून, ती पाण्यात बुडवून हवा काढून पाहिली, पण चकत्या नुसत्याच भिजल्या. नाही जमलं तर पुन्हा ग्लास विसळायचे. तीन वर्षं तेच केलं गं! माझं हे काम तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण तू चौतीस वर्षं नर्स होतीस, काहीतरी सुचव ना.

माया आहेच, राग तेवढा नसावा.
तुझी चिमणी

६ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

दारूसाठी माझी नर्सगिरी! तुझ्या आईला कळलं तर दोघींची हजेरी घेईल. पण खरं सांगते, पत्र वाचून दुपारची झोपच उडाली. औषधाच्या दुकानातून मोठ्या सिरिंजा आण, सुईशिवाय. आत चकती आणि जिन घाल. आधी हवा बाहेर काढ, मग सिरिंजच्या तोंडावर बोट दाबून दांडा मागे ओढ. बुडबुडे निघतील. दांडा सोडलास, की हवेच्या जागी जिन शिरेल. मी नाशपाती आणि सरबतावर करून पाहिलं. तीनदा ओढल्यावर फोड काचेसारखी झाली, आणि मी एकटीच टाळ्या पिटत बसले! प्रत्येक सिरिंजवर पट्टी लाव, नाव आणि वेळ लिही. त्यात हयगय नको.

जेवत जा वेळेवर.
तुझी मावशी

१५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

जमलं, जमलं, जमलं! पण तुझ्या शिस्तीने आधी माझा घातच केला होता. बारा सिरिंजा ट्रेमध्ये ओळीने मांडल्या, वर पट्ट्या: काकडी, चार वाजून दहा. मालक आत आले आणि पांढरेफटक पडले. असले धंदे इथे चालणार नाहीत, आत्ताच्या आत्ता चालती हो म्हणाले! मी एक चकती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी चावली आणि दुसरी मागितली. मग पट्ट्या वाचून म्हणाले, इतकं नेटकं काम इथे कुणी केलं नाही. काउंटर माझा झाला, मावशी! एक कबूल करते, आमचं घड्याळ बंद आहे, वेळा मी अंदाजाने लिहिल्या.

एकदा येऊन बघशील?
तुझी चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अंदाजाने? लाज नाही वाटत? रविवारी येतेय. काउंटरसमोरची खुर्ची अडवून ठेव. मी पिणार नाही, तू हात धुतेस की नाही ते बघणार. नोकरीत छातीला लावायचे ते घड्याळ निवृत्तीच्या दिवशी कपाटात ठेवलं होतं. आज किल्ली दिली, चालतंय. तुझ्या एप्रनला मीच लावीन.

तुझी मावशी