ओल्या फडक्यातले शंभर दाणे

प्रिय धाकट्या,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. पूर ओसरून दीड महिना झाला. भिंतीवर खिडकीच्याही वर चिखलाची रेघ आहे, रोज पुसायची म्हणते आणि राहून जातं. कपाट फुगलंय, उघडत नाही. मला रडू येत नाही याचं लोकांना नवल वाटतं. मलाही वाटतं, पण त्यावर विचार करायचा कंटाळा येतो.

शाळेच्या खोल्यांत बियाणं वाटपाचं केंद्र काढलंय, ते मी बघते. घराघरांतलं राखून ठेवलेलं बी पुरात गेलं, म्हणून बाहेरून घेवड्याची पोती आली. रीत तुलाही पाठ आहे, बाबांनीच शिकवलेली. प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळायचे, पाचव्या दिवशी मोड आलेले मोजायचे, मगच पोतं दाराबाहेर. ताई स्वतःची बोटंसुद्धा दोनदा मोजते, म्हणून चिडवायचास ना? त्याच ताईने या वेळी मोजलं नाही. दारात रांग होती, जमिनीत ओल होती, लोकांना आणखी पाच दिवस थांबा म्हणणं जिवावर आलं. चाळीस घरांना पोती फोडून दिली. पंधरवडा उलटला, एकाही शेतात कोंब नाही. बी आतून मेलेलं होतं.

शेजारच्या काकू उकरून काढलेले चार दाणे मुठीत घेऊन आल्या. म्हणाल्या, मीच खोल पेरलं असेल गं, माझ्याच हाताचं काहीतरी चुकलं. मी बघते म्हटलं. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक करून उठून गेले. जाताना काकूंनी माझ्यापुढचा चहा झाकून ठेवला, तेवढं आठवतं.

नवीन पोती यायला महिना लागेल आणि पेरणीचे दिवस उरलेत पंधरा. बाबा गेल्यावर त्यांच्या घेवड्याचं निम्मं बी तू मागितलंस, तेव्हा दुकानदाराला बी कशाला, शोभेला का, असं मी चारचौघांत बोलले होते. ते बोलायला नको होतं. तरी तू राख मिसळून दोन मोठे डबे नेलेस. माझा वाटा पुरात गेला. तुझा अजून दुकानाच्या माळ्यावर असेल, तर घेऊन ये. घरटी दोन-दोन ओंजळी निघतील. त्याने यंदा कुणाचं पोट भरणार नाही, पण पुढच्या वर्षी पेरायला घरचं बी राहील. फक्त निघण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात घाल, आणि मोड तूच मोज. मी चार दिवस झाले फडकं भिजवते आणि तसंच पिळून ठेवते. माझ्याच्याने मोजवत नाही रे.

अजून म्हणत असशील तर तुझीच,
ताई