बारा टक्के बोलणं

१४ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९
अथर्वच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या, लग्नाला डिसेंबरमध्ये येत नाही, हे आईला आज फोनवर सांगायचंच होतं. सांगितलं नाही. ती आहेराच्या साड्यांची यादी सांगत होती, मध्येच तोडणं बरं दिसत नाही. रजा मी मागितलेलीच नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट नव्या नोकरीत रजा कशी मागणार? घरमालकीण सुवर्णा मावशींना मात्र हे बोलून गेले. पुढच्या रविवारी आईला नक्की.

१६ सप्टेंबर
परदेशातल्या आमच्याच भारतीय वस्तीच्या, आयसेलिनच्या, मोबाइल टॉवरची लिंक, म्हणजे कॉल्स वाहून नेणारी वाट, किती रुंद हवी, ते मी ठरवायचं! फोनवरचं बोलणं पॅकेटं होऊन जातं. माणूस गप्प, की पॅकेटं जवळपास बंद. म्हणजे लोक किती वेळ बोलतात ते कळलं की झालं. पुस्तकात माणूस निम्मा वेळ बोलतो असं दिलंय. मी स्वतः मोजणार.

२१ सप्टेंबर, रविवार
आईशी बोलताना स्टॉपवॉच लावलं. पन्नास मिनिटांत मी बोलले सहा. बारा टक्के. त्यातही बहुतेक ‘हं’. लग्नाचं राहिलं. मोजणीत व्यत्यय नको.

२४ सप्टेंबर
बारा टक्क्यांच्या हिशोबानं लिंक अरुंद चालेल असं ऑफिसात कळवलं. वाचलेली क्षमता एखाद्या दुर्गम गावाला मिळेल. बॉस दीपानं विचारलं, किती लोकांचे कॉल्स मोजलेस? फील्ड स्टडी आहे, म्हणाले. खोटं नाही. फील्डमध्ये मी होतेच.

१२ ऑक्टोबर, रविवार
अथर्वच्या मुंडावळ्या मीच बांधायच्या म्हणे. ‘हं’ म्हणाले. मावशी म्हणाल्या, अगं, आईशी बोलतेयस की सत्यनारायणाची कथा ऐकतेयस?

२० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सकाळी अख्खं आयसेलिन भारतात फोन करत होतं. स्पीकरवर चार-चार जण, गप्प कुणीच नाही. लिंक तुंबली. नेमकं तेव्हाच मी आईला सगळं घडाघडा सांगितलं. तिला एक अक्षर ऐकू गेलं नाही.

२१ ऑक्टोबर
दीपाला खरं सांगितलं: फील्ड स्टडीत एकच माणूस होता, मी. लग्नाचंही बोलून गेले. ती म्हणाली, लिंक दुप्पट करू. आणि रजा तू कधी मागितलीच नाहीस यार.

२६ ऑक्टोबर, रविवार
आज कळलं, मी रजाच मागितली नाही हे मावशींनी आईला परस्पर फोन करून पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. रजा मिळत नाही असं खोटं मला बोलावं लागू नये म्हणून आई बोलायची थांबतच नव्हती.
आज लिंक दुप्पट, आवाज स्वच्छ. आई म्हणाली, मी गप्प बसते, आता तू बोल. येतेस ना?
मी म्हणाले, हं.
रजेचा अर्ज उद्या नक्की.